पिकलेल्या गळ्याची गाणी

गवयाचे वय आपल्याकडे त्याच्या दमसासावरून मोजण्याची चाल आहे. तान तुटू लागली, वरचा षड्ज डळमळू लागला, की श्रोते आदराने मान डोलावतात आणि घरी जाताना हळूच म्हणतात, “आता बुवांनी थांबावे.” या म्हणण्यात द्वेष नसतो, उलट, ज्याचे वैभव आपण ऐकले त्याची पडझड ऐकवत नाही, अशी ती माया असते. तथापि गेली काही वर्षे अमेरिकेतील ग्रामगीते व लोकगीते गाणाऱ्या वृद्ध कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका आम्ही आवडीने ऐकत आहोत, आणि त्यांनी आमच्या या मोजमापालाच प्रश्न घातला आहे.

हे गाणे वरवर पाहता फार साधे. एक गिटार किंवा बँजो, तीन-चार स्वरसंघ, आणि बोलण्याच्या जवळून चालणारी चाल. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य असे, की पुष्कळदा कवी, संगीतकार आणि गायक ही तिन्ही माणसे एकच असतात. आपल्या भावगीतात हे तिघे बहुधा निरनिराळे. शाहिराच्या पोवाड्यात मात्र ते एकत्र नांदतात. ज्याने भोगले त्यानेच लिहिले आणि त्यानेच गाइले, असे झाले म्हणजे गळा हे केवळ वाद्य उरत नाही. तो साक्षीदार होतो. आणि साक्षीदार म्हातारा झाला म्हणून त्याची साक्ष कोणी बाद करीत नाही.

एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय बाईंचेच पाहा. नॉर्थ कॅरोलायनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. डावखुऱ्या असल्यामुळे त्या गिटार उलटी धरून वाजवीत. बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने चाल. मालगाडीवरचे त्यांचे विख्यात गीत त्यांनी लहानपणीच रचले. पुढे संसार आणि चाकरी यांत वाद्य सुटले ते सुटलेच. वॉशिंग्टनच्या एका दुकानात चुकलेली एक मुलगी त्यांनी तिच्या आईच्या स्वाधीन केली, आणि त्या ओळखीतून सीगर कुटुंबाच्या घरी त्या कामाला लागल्या. ते घर लोकसंगीताच्या अभ्यासकांचे. तेथे भिंतीवरची गिटार त्यांनी एके दिवशी खाली काढली, आणि १९५८ साली, साठी उलटल्यावर, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९८५ मध्ये, नव्वदी गाठल्यावर, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पोळपाट-लाटणे आणि केरसुणी यांच्या आड असे किती गळे झाकले गेले असतील, हा विचार ते ऐकताना आमचा पाठलाग करतो.

जॉनी कॅश यांची गोष्ट निराळी. त्यांना कीर्ती तरुणपणीच लाभली; १९६८ साली फॉल्सम तुरुंगातील कैद्यांपुढे त्यांनी केलेले गायन आजही ऐकले जाते. पुढे मागणी ओसरली आणि ज्या कंपनीसाठी ते वर्षानुवर्षे गायले तिच्याशी असलेला करार संपला. १९९३ मध्ये रिक रूबिन या तरुण निर्मात्याने त्यांना नुसत्या गिटारीवर गायला बसवले. २००२ साली, आजाराने खंगलेले असताना, ट्रेंट रेझनर या त्यांच्याहून कितीतरी लहान कवीचे ‘हर्ट’ हे गीत त्यांनी गाइले. पुढच्याच वर्षी, एकाहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. त्या गाण्यात आवाज कापतो, श्वास अपुरा पडतो. पण तरुणाच्या लेखणीतून उतरलेली व्यथा म्हाताऱ्याच्या तोंडी आली, आणि तिला हिशेब चुकता करणाऱ्या माणसाचा अर्थ आला.

पीट सीगर यांनी तर गळा गेल्यावर श्रोत्यांचाच गळा उसना घेतला. १९५५ साली संसदीय समितीपुढे आपल्या मतांविषयी बोलण्यास त्यांनी नकार दिला, १९६१ मध्ये त्यांना शिक्षा झाली व १९६२ मध्ये ती वरच्या न्यायालयाने रद्द केली. २००९ च्या जानेवारीत, एकोणनव्वदाव्या वर्षी, लिंकन स्मारकापुढे ते उभे राहिले तेव्हा ते ओळ सांगत आणि जमाव ती गाई. झीलकऱ्यांची परंपरा जाणणाऱ्यास यात नवल वाटू नये.

आमचे एक संगीतज्ञ स्नेही म्हणतात, “हे गाण्याचे कौतुक नव्हे, वार्धक्याची कणव आहे.” आक्षेप मोलाचा आहे. पण कणव दुबळ्याविषयी वाटते, आणि येथे तर दुबळेपणाचेच सामर्थ्य झालेले दिसते. ही गीते मुळातच थोड्या स्वरांत रचलेली. पल्ला घटला तरी त्यांचे फारसे बिघडत नाही, उलट शब्दाला उसंत मिळते. आणि असा दाखला शोधायला सातासमुद्रापार जाण्याचे तरी काय कारण? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, एक फुप्फुस निकामी झाले. देवासच्या त्या आजारपणात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि बरे झाल्यावर तोकड्या श्वासाच्या लहान लहान स्वरवाक्यांतून त्यांनी आपली गायकी नव्याने उभी केली.

पेडण्याकडे आमची एक आत्या आहे, वय चौऱ्याऐंशी. जात्यावरच्या ओव्या आणि पौषातले धालो तिला मुखोद्गत. मागे आम्ही तिला गा म्हटले तर ती म्हणाली, “आतां ताळो खंय उरला, बाबा?” आम्ही तिला कॉटनबाईंची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, त्या बाईला कोणीतरी ऐकणारे घरात होते.

हे उत्तर आम्हांस विसरता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेही ऐकणारे घरात शिरले म्हणूनच. सीमेच्या अलीकडे-पलीकडे, मराठीत आणि कोकणीत, अजून असे गळे आहेत. ते सुरेल आहेत की नाहीत हे मागाहून ठरवता येईल. वाचकांनी या पौषात आपापल्या मांडावर जाऊन आधी त्यांच्यापुढे बसावे, एवढीच आमची विनंती.