कागदावर उभा राहिलेला हॅम्लेट

एडवर्ड गॉर्डन क्रेग हा थोर इंग्लिश अभिनेत्री एलन टेरीचा मुलगा. जन्म १८७२चा. आधी नट, मग नेपथ्यकार. रंगवलेले पडदे त्याला नकोसे झाले होते. उंच, हलवता येणारे पाट आणि प्रकाश एवढ्यावर नाटक उभं राहावं, हा त्याचा ध्यास. पुढे पुढे नटावरही भरवसा उरला नाही. देह भावनेच्या आहारी जातो, म्हणून रंगमंचावर माणसापेक्षा मोठं असं बाहुलं हवं, असं त्यानं १९०८ साली आपल्या ‘द मास्क’ नियतकालिकात लिहिलं.

आणि हाच माणूस फ्लॉरेन्समध्ये मॉडेलच्या छोट्या रंगमंचावर ठेवायला पातळ लाकडाची माणसं कापत बसे. अमुक पात्र अमुक जागी उभं केलं तर किती एकटं दिसेल, हे त्याला बघायचं असे. वस्त्रांच्या चुण्या, हाताचा बाक तो वरून कोरून काढी. लाकडावर कोरणं तो तरुणपणीच चित्रकार विल्यम निकल्सनकडून शिकलेला. मग या आकृतींना त्यानं शाई लावली आणि त्यांचे ठसे कागदावर घेतले. याच त्याच्या ‘ब्लॅक फिगर्स’.

मी त्या पाहतो तेव्हा गलबलून येतं. चेहरा जवळजवळ नाहीच. कललेली मान, काळ्या आकारात थोड्या पांढऱ्या रेघा, आणि तरी त्या माणसाचं दुःख कळतं. भोवती जागा किती मोकळी ठेवली की माणूस किती लहान होतो, हे नेपथ्यकाराच्या नजरेत मुरलेलं असतं. केवळ चित्रकाराला ते इतकं सहज साधलं नसतं.

मॉस्को आर्ट थिएटरमध्ये त्याचा ‘हॅम्लेट’ जानेवारी १९१२मध्ये आला. राजाच्या अफाट सोनेरी झग्यातून दरबाऱ्यांची डोकी वर आलेली, पुढे अंधारात हॅम्लेट एकटा. तिथे दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीशी, नटांशी, त्या अवजड पाटांशी त्याला जुळवून घ्यावं लागलं. त्या प्रयोगाचं आज राहिलंय ते आराखड्यांत आणि लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत. वायमारच्या क्रानाख मुद्रणालयातून हॅरी केस्लर यांनी काढलेलं ‘हॅम्लेट’ मात्र शाबूत आहे. त्याची इंग्रजी आवृत्ती १९३०ची. मजकुराच्या शेजारी क्रेगच्या काळ्या आकृती उभ्या आहेत आणि कोरा कागद प्रकाशाचं काम करतो. क्रेगचं सर्वांत पूर्ण नाटक मी यालाच मानतो.

आपल्याकडे नाटक बंद पडलं की सेट मोडीत निघतो आणि मॉडेल कुठल्याशा माळ्यावर धूळ खातं. नेपथ्यकार मित्रांनो, त्या मॉडेलमधली पुठ्ठ्याची माणसं तेवढी फेकू नका. एकदा त्यांना शाई लावून बघा.