हजेरीपट

रत्नागिरी जिल्ह्यात वकिलाचे नाव काढले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे प्रथम शेताचा बांध उभा राहतो. आमच्या आजोळी एका फणसाच्या झाडावरून दोन चुलत घरांत जो दावा लागला होता, तो फणस वठून गेल्यावरही चालूच राहिला. आणि दोन्ही घरची मंडळी तारखेस एकाच एस.टी.ने जात व परत येताना एकमेकांच्या पिशव्या धरीत. कूळ, वहिवाट, सामाईक विहीर, गडग्याचा सरकलेला दगड, एवढ्या भांडवलावर येथील वकिलांचे संसार पिढ्यान् पिढ्या चालले, आणि आपल्या मुलाने वकील व्हावे ही आम्हां मध्यमवर्गीयांची हौसही त्याच भरवशावर पोसली गेली. पोटासाठी राबणाऱ्याची बाजू घेऊन उभा राहणारा वकील मात्र आमच्या ओळखीत नव्हता. त्याची आमची गाठ पडली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही तो प्रतिपक्षाकडून उभा असताना.

हकीकत अशी की, प्राध्यापकी सांभाळून आम्ही एका धर्मादाय संस्थेच्या वसतिगृहाचे मानद चिटणीसपद बरीच वर्षे पाहत आहो. खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या चाळीसएक मुलांची तेथे सोय होते. संस्थेचे नाव येथे सांगत नाही. कारण जे घडले त्यात आमचा स्वतःचा वाटा लहान नाही. या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात २००२ च्या जूनपासून एक बाई कामास होत्या. पहाटे पाचला येऊन चूल पेटवीत, चाळीस जणांच्या भाकऱ्या भाजीत, आणि रात्री भांडी आवरून जात. मुले त्यांना मावशी म्हणत. आम्हीही मावशीच म्हणत असू. त्यांचा पगार महिनाअखेर व्हौचरवर दिला जाई व तो हिशेबात 'किरकोळ खर्च' या सदराखाली पडे. मे महिन्यात वसतिगृह बंद होई, तेव्हा त्यांचे कामही संपले असे धरून जूनमध्ये त्यांना पुन्हा नव्याने बोलावण्याची रीत होती. कोठीतून रोज तांदूळ, पीठ, डाळ किती काढली याची एक वही असे, आणि तीत मावशींनी अंगठा न लावता सही करावी म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही त्यांना नाव लिहावयास शिकविले होते. या गोष्टीचा आम्हांस मोठा अभिमान वाटे.

२०१३ च्या जूनमध्ये समितीने जेवणाचा ठेका बाहेर दिला, आणि मावशींना आता येऊ नका असे सांगण्यात आले. निरोपादाखल एक लुगडे व नारळ देण्यात आला. आपल्या हातून काही अन्याय झाला अशी शंका समितीतील एकाही सद्गृहस्थाच्या मनास शिवली नाही, आमच्याही नाही.

दोनएक महिन्यांनी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. कविता शिकविताना मागच्या बाकावर पेंगणारा हा मुलगा आता वकील झाला होता. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न काहीही असो, आणि औद्योगिक कामगारासही, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्या व्यवस्थेतून मावशींचे काम त्याच्याकडे आले होते. पडवीत बसून चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, नोटीस पाठविण्यापूर्वी एकदा सांगून पाहावे म्हणून आलो. कायद्याने बाईंचे फार होत नाही. एक महिन्याच्या नोटिशीचा पगार आणि झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा. अकरा वर्षांचे १६५ दिवस. तेवढे देऊन टाका."

आम्ही हसलो. "अरे, मावशी म्हणजे आमच्या घरचेच माणूस. हा काय गिरणीतला संप आहे?"

"घरच्या आहेत, तर त्यांचे आडनाव काय, सर?"

आम्हांस ते सांगता आले नाही. तथापि त्याचा राग मात्र आला, व त्या रागातच आम्ही त्याला निरोप दिला.

पुढे तडजोडीची बैठक फसली आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेले. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक मौजेचे कलम होते: प्रतिपक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी असल्याखेरीज वकिलाने तेथे उभे राहू नये. धनवान मालकाचा निष्णात वकील अडाणी मजुरास चीत करील, हे भय त्याच्या मुळाशी होते. आमच्या समितीने हेच कलम मावशींच्या वकिलावर उलटविण्याचा विचार केला. परंतु आपण संमती नाकारली तर आपलाही वकील बाहेर बसेल हे ध्यानात येताच सर्वांनी मोठ्या उदारपणे संमती दिली! आपली संस्था धर्मादाय आहे, तिला उद्योग कसे म्हणावे, असाही मुद्दा आम्ही मांडला. त्यावर प्रतिपक्षाने सर्वोच्च न्यायालयाचा बंगलोर पाणीपुरवठ्याच्या प्रकरणातील १९७८ चा निकाल पुढे ठेवला. सात न्यायमूर्तींच्या त्या निकालाने उद्योग या शब्दाची व्याप्ती इतकी वाढविली की शाळा, इस्पितळे व धर्मादाय संस्थाही सामान्यतः तीत आल्या. गमतीची गोष्ट अशी की, गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा मात्र कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे असे ठरविले. म्हणजे भाकरी भाजणारी बाई कामगार, आणि ती भाकरी खाऊन व्याख्यान देणारे आम्ही कामगार नव्हे!

पण खरा प्रश्न निराळाच होता. बारा महिन्यांत २४० दिवस काम केले असेल तरच त्या कायद्याचे संरक्षण मिळे. आणि ते दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले होते. आता यातील अडचण वाचकांच्या ध्यानात येईलच. दिवस कामगाराचे, पण त्यांची नोंद मालकाच्या कपाटात. मालकाने हजेरीपटच ठेवला नाही, तर अकरा वर्षांचे आयुष्य कागदावर उरतच नाही. कामगाराच्या वकिलाचे निम्मे काम हे असे असते: फर्डे वक्तृत्व नव्हे, तर हरवलेले दिवस एकेक करून गोळा करणे. दुधाचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, कुणा सोबतिणीची साक्ष, जे सापडेल ते. आमच्या विद्यार्थ्याने न्यायालयात अर्ज करून कोठीची वही मागितली.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आपल्या कोकणात वाळवी काय थोडी आहे?" सर्व हसले. वही उपलब्ध नाही, असे उत्तर तयार झाले आणि चिटणीस या नात्याने त्याखाली आम्ही सही केली. वही उपलब्ध होती. ती आमच्या कपाटात होती, आणि हे आम्हांस ठाऊक होते.

त्याच सुमारास आम्ही महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याची कागदपत्रे वाचीत होतो. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे आमच्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांचे बालपणही काही काळ दापोलीस गेले. तेव्हा या अभ्यासाच्या मुळाशी थोडा जिल्हाभिमानही होता हे कबूल केले पाहिजे. १९२७ च्या मार्चमधील सत्याग्रहानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी आंबेडकरांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. स्वतः बॅरिस्टर असलेला हा प्रतिवादी दहा वर्षे तो दावा लढला. १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, अपिले झाली, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे की नाही, या थोर प्रश्नावर तो दावा निकालात निघाला नाही. नाकारणाऱ्यांना नकाराचा पुरावा देता येईना, यावर निघाला. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि पुढील वर्षी संपास गुन्हा ठरविणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकास तेथेच कसून विरोध केला. पाण्याचा हक्क, जमिनीचा हक्क आणि कामाचा हक्क हे त्यांच्या लेखी एकाच वकीलपत्राचे विषय होते.

हे सर्व आम्ही रात्री आदराने वाचीत होतो, टिपणे काढीत होतो; आणि ती टिपणे ज्या कपाटात ठेवीत होतो, त्याच्याच खालच्या खणात ती वही होती. महाडच्या वादींविषयी मनात तिटकारा येई, आणि आपण कोणाच्या पंक्तीस बसलो आहो हे मात्र सुचत नसे. वाचनाने माणूस शहाणा होतो, या आमच्या धंद्याच्या मूळ समजुतीवरील आमची श्रद्धा तेव्हापासून बरीच पातळ झाली आहे.

मावशींच्या साक्षीच्या दिवशी शिपायाने बाहेर येऊन पुकारा केला. स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे संपूर्ण नाव मोठ्याने उच्चारले गेले, आणि आमच्या शेजारच्या बाकावरून मावशी उठल्या. त्यांचे नाव आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. जे आम्ही त्यांना लिहावयास शिकविले होते, ते केवळ पहिले नाव होते.

आमच्या वकिलाने त्यांना विचारले, "एवढी वर्षे काम केले म्हणता, काही कागद आहे का तुमच्याजवळ?"

"माझ्याजवळ नाही," त्या म्हणाल्या. "वही सरांच्या कपाटात असते. खालच्या खणात."

त्या रागाने बोलल्या नाहीत, की आमच्याकडे पाहिलेही नाही. वस्तू कोठे ठेवली आहे ते घरातील माणसाने सांगावे तसे त्यांनी सांगितले. पुढच्या तारखेस आम्ही वही पिशवीत घालून नेली व पूर्वीचे उत्तर चुकीचे होते असे शपथेवर सांगितले. आमच्या विद्यार्थ्यास ती संधी होती. आम्हांस टाकून बोलता आले असते, पण त्याने एवढेच विचारले, "सर, ही सही कोणाची?" आणि मग बोटाने ओळी मोजीत त्याने शेवटच्या वर्षाचे दिवस मोजले. २९१ भरले.

निकाल २०१७ मध्ये लागला. परत कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई मिळाली. समितीतील काही जण उच्च न्यायालयाची भाषा बोलू लागले. त्या काळी रत्नागिरीकरास त्यासाठी मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरचे खंडपीठ सुरू झाले ते १८ ऑगस्ट २०२५ रोजी. मुंबईच्या खेपा मावशींना झेपणार नाहीत हे जाणून त्यांच्या वकिलाने थोडे कमी घेऊन प्रकरण मिटविण्याचा सल्ला दिला. जिंकलेल्या रकमेतून सोडून देण्यास सांगणे हेही या वकिलीतले एक कठीण काम आहे, आणि त्याचे श्रेय कोणी देत नाही.

त्यानंतर वसतिगृहात हजेरीपट सुरू झाला. ठेका मोडून पुन्हा दोन बायका स्वयंपाकास ठेविल्या आहेत, व त्यांची पूर्ण नावे आम्ही स्वतः दर महिन्याच्या पहिल्या तारखेस लिहितो. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि तिच्या व्याख्येत धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्यास वाहिलेल्या संस्था उद्योगातून वगळल्या आहेत. मावशी ज्या दाराने आत आल्या ते दार आता आमच्यासारख्या संस्थांपुरते लावले गेले आहे. समितीतील एका अभ्यासू सभासदाने ही गोष्ट नुकतीच सर्वांच्या नजरेस आणली, व हजेरीपटाची यापुढे आवश्यकता आहे काय, असा विषय येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे.

ती पत्रिका चिटणीस या नात्याने आम्हीच काढली. बैठक रविवारी आहे. या वेळी आमच्यासमोर वकील नसेल, न्यायाधीश नसेल, पुकारा करणारा शिपाईही नसेल. वही पिशवीत घातली आहे.