गॅरेज आणि बेंजो

आमच्या भागात गॅरेज म्हटलं की सगळ्यांना एकच जागा आठवते. रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड, ऑइलनं काळी झालेली जमीन, उघडून ठेवलेली मोटारसायकल आणि तिच्याजवळ उकिडवा बसलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा. त्या पोराला मी बहुधा ओळखत असते. सहावीपर्यंत तो माझ्या वर्गात असतो, सातवीत त्याची हजेरी तुटू लागते आणि आठवीत त्याचं नाव पटावर राहतं, तो मात्र पान्यांच्या खोक्याजवळ भेटतो. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही.

म्हणून 'गॅरेज रॉक' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हे कारागीर पोरांचं संगीत असावं. तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं. अमेरिकेत साठच्या दशकात मध्यमवर्गीय घराला मोटार ठेवायची खोली असे. शेजारपाजारची चार पोरं ती मोटार बाहेर काढत, आत गिटार आणि ड्रम घेऊन बसत आणि येईल तसं वाजवत. कुणी उस्ताद नाही, कुणी गंडा बांधलेला नाही. तीन-चार सुरावटी आल्या की झाला बँड. १९६३ साली किंग्जमेन नावाच्या अशाच पोरांनी 'लुई लुई' हे गाणं स्वस्तातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. गाणाऱ्याचे शब्द इतके अस्पष्ट होते की त्यात काही अश्लील दडलंय अशी ओरड झाली. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, त्याची चौकशी केली आणि शेवटी शब्द समजतच नाहीत असा निष्कर्ष काढला! १९६६ साली 'क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स' या बँडचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ती मेक्सिकोहून मिशिगनला आलेल्या स्थलांतरित शेतमजूर कुटुंबांतली मुलं होती. हे वाचलं आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या आमच्या भागातल्या पोरांची आठवण झाली.

या सगळ्याशी माझी ओळख झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. शाळा मोबाईलमध्ये आली होती. दिवसभर गृहपाठाचे फोटो तपासायचे आणि रात्री डोळे चुरचुरायचे. माझा भिवंडीचा भाचा तेव्हा आमच्याकडे म्हशालाच अडकून पडला होता. त्याला फुटबॉलचं वेड. मैदानातले हजारो प्रेक्षक एक धून तोंडानं म्हणतात, ती तो दिवसभर गुणगुणायचा. सात सुरांची धून, पुन्हा पुन्हा तीच. एकदा म्हणाला, "खाला, ही कुणाची धून आहे ते शोधून द्या ना."

शोधली. धून होती 'द व्हाइट स्ट्राइप्स' नावाच्या बँडची, गाणं 'सेव्हन नेशन आर्मी', साल २००३. लहानपणी जॅक व्हाइट हा गायक 'सॅल्व्हेशन आर्मी' या संस्थेचं नाव चुकीचं ऐकून 'सेव्हन नेशन आर्मी' म्हणायचा, तेच त्यानं गाण्याला दिलं. बँडमध्ये माणसं दोनच होती, जॅक आणि मेग. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, ती ड्रम वाजवायची. बँडमध्ये आणण्यापूर्वी हा जॅक डेट्रॉइट शहरात काय करायचा, तर सोफे आणि खुर्च्या नव्यानं भरून शिवायचा. म्हणजे आपल्या पिंजारी-मन्सुरी भावांच्या अगदी जवळचा धंदा! त्याची लाल गिटार एका जुन्या दुकान-साखळीत विकली जाणारी, प्लास्टिकसारख्या पदार्थाची, स्वस्तातली. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे तो त्यांनी लंडनच्या 'टो रॅग' या छोट्या स्टुडिओत, संगणकाला हात न लावता, आठ ट्रॅकच्या जुन्या टेपवर केला.

एक धागा सापडला की दुसरा सापडतो. न्यूयॉर्कचे 'द स्ट्रोक्स', ज्यांचा पहिला अल्बम २००१ चा. स्वीडनचे 'द हाइव्ज', फागर्स्टा नावाच्या पोलाद कारखान्यांच्या छोट्या गावातले. ऑस्ट्रेलियाचे 'द वाइन्स'. या सगळ्यांनी मिळून साठच्या दशकातला तो कच्चा, खरखरीत आवाज २००१-०२ च्या सुमारास पुन्हा जगापुढे आणला. जाणकार त्याला गॅरेज रॉकचं पुनरुज्जीवन म्हणतात. ही सगळीच गरिबाघरची पोरं होती असं नाही. स्ट्रोक्समधली मुलं सुखवस्तू घरांतली, खाजगी शाळांत शिकलेली. पण त्या काळात स्टुडिओतला आवाज घासूनपुसून इतका गुळगुळीत झाला होता की माणसाचा हात ऐकू येईना. यांनी तो हात परत ऐकवला.

स्वीडनबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट कळली. तिथं नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि सामान्य घरातलं मूलही तिथं वाद्य शिकू शकतं. शिक्षक म्हणून मी या वाक्याजवळ बराच वेळ थांबले. आमच्या शाळेत संगीताचं साहित्य म्हणजे एक डफ आणि राष्ट्रगीताचा पेन ड्राइव्ह.

मी ते गाणं अब्बांना ऐकवलं. अब्बांना ऐकवण्याला कारण होतं. माझे अब्बा बेंजो वाजवायचे.

बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लाकडी लांबट पेटी, तिच्यावर तारा आणि त्यांच्यावर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तार छेडायची. मूळ वाद्य जपानचं. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ते बनवलं. तिथून ते हिंदुस्थानात आलं, कव्वालीच्या पार्ट्यांत बसलं आणि ठाणे, रायगड, मुंबईच्या लग्नांत आणि मिरवणुकांत शिरलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, वायर भोंग्यात घातली आणि आवाज रस्त्यावर सोडला. भोंगा फाटायचा, तारेचा आवाज चिरकायचा, आणि नेमक्या त्या चिरक्या आवाजावर वऱ्हाडी नाचायचे.

अब्बांची सात जणांची पार्टी होती. ढोलावर कुणबी, ताशावर कातकरी, बेंजोवर अब्बा. हळदीला जायचे, वरातीला जायचे, गणपतीला जायचे, आपल्या लग्नांतही जायचे. पौष पौर्णिमेला आमची म्हसोबाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, आकाशपाळणे, तंबू. त्यानंतर लग्नसराई येते, म्हणून यात्रेतच पुढच्या सुपाऱ्या ठरायच्या. आणि पार्टीची तालीम कुठं व्हायची? रात्री, काम बंद झाल्यावर, एका मेकॅनिकच्या शेडमध्ये. कारण ॲम्प्लिफायर चालवायला लागणारी मोटारीची बॅटरी तिथं फुकट मिळायची. म्हणजे माझे अब्बा शब्दशः गॅरेजमधले वादक होते. फक्त हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अब्बांनी गाणं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, एका तारेवर चालतंय हे. बेंजोवर बसेल." आणि टेबलाच्या कडेवर त्यांची डाव्या हाताची बोटं बटणं दाबल्यासारखी हलली. वाजवणं सोडून त्यांना दहा वर्षं होऊन गेली होती.

त्यांनी ते का सोडलं? कारणं दोन होती. एक बाजारातलं. टेम्पोवर डीजे आला, सात माणसांच्या जेवणाखाण्याचा खर्च यजमानाला जड वाटू लागला. दुसरं त्यांच्या मनातलं. उमरा करून आल्यावर त्यांनी ठरवलं की आता नको. संगीताविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाविषयी स्वतंत्र चर्चा केली आहे, चिश्ती बुजुर्गांनी समाला जवळ केलं, तर अनेक आलिमांनी त्यापासून दूर राहायला सांगितलं. अब्बांनी आपला निर्णय आपल्यापुरता घेतला. मी तो मानते. मला पटतो असं नाही, पण मानते.

मला खुपली ती वेगळीच गोष्ट. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना एका घरून निरोप आला, मुलगी बी.एड. आहे, चांगलं आहे, पण बेंजोवाल्याची लेक आहे. त्यात दीनचा प्रश्न नव्हता. त्या घरच्या वलीम्यात डीजे होता! प्रश्न होता पायरीचा. पैसे मोजून संगीत लावणारा मोठा आणि पैसे घेऊन वाजवणारा लहान.

मग मी आपल्याकडच्या बँडांचा इतिहास शोधू लागले. वाटलं होतं, मुंबईत असं काही झालंच नसेल. पण झालं होतं. 'सिमला' या सिगारेटच्या नावानं देशभरातल्या बँडांची स्पर्धा व्हायची आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यात शिलाँगचे फेंटोन्स आहेत आणि इतर शहरांतली पोरं आहेत. आवाज तोच, गॅरेजचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याजवळ मळवलीला या पोरांचा खुल्या माळावर महोत्सव झाला आणि त्याचं नाव चक्क 'स्नेहयात्रा' होतं. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडचं संगीत तर २०११ साली अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं पुन्हा प्रसिद्ध केलं. आपण विसरलो, त्यांनी जपलं.

या पोरांतला एक मराठी होता, नंदू भेंडे. आत्माराम भेंडे यांचा मुलगा. इंग्रजी रॉक गाणारा हा तरुण १९७८ साली मराठी रंगभूमीवर 'तीन पैशाचा तमाशा'त उभा राहिला. नाटक पु. ल. देशपांड्यांचं, मूळ ब्रेख्तचं, आणि दिग्दर्शक आपले डॉ. जब्बार पटेल. भिकारी, चोर आणि पोलिसांची ही गोष्ट. तिच्या संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडेंचाही हात होता. तमाशाच्या ढोलकीशेजारी रॉक बसू शकतो, हे एका मुसलमान दिग्दर्शकानं मराठी प्रेक्षकाला दाखवलं, याचा मला आनंद वाटला. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले.

तरीही एक गोष्ट टोचतेच. सिमलाची स्पर्धा इंग्रजी गाणाऱ्यांची, शहरी पोरांची होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या, आज त्या संग्राहक शोधत फिरतात. बेंजो पार्ट्यांच्या तबकड्या कुणी काढल्या? १९१६ मध्ये बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल गिरणी कामगारांतून आले, डफ घेऊन शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज लाखोंनी ऐकला. त्यांना चळवळ मिळाली म्हणून नाव उरलं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला तेव्हा त्यातही न्यूयॉर्कहून आलेली बाईच बेंजोवाल्याला शोधत येते. शेजारचा माणूस शोधायलाही आपल्याला सातासमुद्रापलीकडून कुणीतरी यावं लागतं!

मेग व्हाइटबद्दलही लिहिलं पाहिजे. तिचं ड्रम वाजवणं फार साधं, तिला येतच नाही, अशी टीका खूप झाली. मी तिला ऐकलं तेव्हा मला अम्मी आठवली. आमच्याकडे लग्नाआधीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसतात. अम्मीला एकच ठेका येतो. पण तो ठेका ती रात्रभर ढळू देत नाही आणि त्याच्या आधारानं चाळीस बायका गातात. साधेपणा म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे मी वर्गात निबंध शिकवताना मुलींना सांगते. ते संगीतालाही लागू आहे.

आता वर्गातल्या एका मुलाविषयी. आठवीतला. संध्याकाळी गॅरेजवर जायचा, मग सकाळीही जाऊ लागला. वर्गात असला की बाकावर बोटं चालू. एकदा मी त्याला ती सात सुरांची धून ऐकवली, दुसऱ्या दिवशी त्यानं ती कंपासपेटीवर रबर बँड ताणून वाजवून दाखवली. मी घरी येऊन अब्बांना सांगितलं आणि माळ्यावरच्या बेंजोकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "मी सोडलं ते माझ्यापुरतं. दुसऱ्याच्या पोराला मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. त्याच्या आईला विचार."

मी गेले. त्याच्या आईनं बराच वेळ विचार केला. तिचे दीर काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग म्हणाली, "टीचर, गॅरेजला गेला तर महिन्याला दोन पैसे येतात. शाळेत गेला तर नाही येत. तुमच्या त्या पेटीपायी तो दहावीपर्यंत बसणार असेल तर वाजवू दे. पण आधी शाळा."

अब्बांनी बेंजो स्वतः माळ्यावरून उतरवला. दोन तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. तीन बटणं अडकत होती, त्यांच्या स्प्रिंगा त्याच गॅरेजमधून आणल्या. "बिघडलेली वस्तू घरात ठेवणं बरं नाही," एवढंच म्हणाले.

मुलगा सध्या नववीत आहे. हजेरी बरी आहे, गणित कच्चं आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या पडवीत बसून तासभर वाजवतो. अब्बा बेंजोला हात लावत नाहीत, जवळही बसत नाहीत. मात्र सूर चुकला की आतल्या खोलीतून खाकरतात.