मुक्तिनाथाच्या वाटेवर

मुक्तिनाथास जावें ही आम्हां उभयतांची फार दिवसांची इच्छा गेल्या चैत्रांत पूर्ण झाली. तेथील १०८ धारांचें व शाळिग्रामांचें वर्णन वाचकांनीं इतरत्र वाचलेंच असेल. मला सांगावयाची हकीकत निराळी आहे. खिशांतल्या मोबाइल फोनची, आणि त्याच्या भरंवशावर मीं वडील बंधूंना जो त्रास दिला त्याची.

निघण्यापूर्वीं नातवानें बजावलें होतें, “आजोबा, पोखऱ्याला पोंचलांत कीं तिकडचें सिमकार्ड घ्या.” त्याप्रमाणें ओळखपत्र व छायाचित्र देऊन नेपाळ टेलिकॉम या सरकारी कंपनीचें कार्ड घेतलें.

दादांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. “रोज सायंकाळीं सातांच्या ठोक्याला फोन करीन,” असें मीं त्यांना मोठ्या ऐटींत सांगून ठेवलें होतें. पहिल्याच दिवशीं घोटाळा झाला. नेपाळचें घड्याळ आपल्या पुढें पंधरा मिनिटें असतें. माझे सात म्हणजे घरचे पावणेसात, आणि दादा संध्येस बसलेले! छत्तीस वर्षें मुलांना रेखावृत्तें शिकविलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी याचें मलाच हंसूं आलें. दुसऱ्या दिवशीं जोमसोमहून तेथल्या सव्वासातास बिनचूक बोललों.

तिसरा मुक्काम देवळाखालच्या राणीपौवा गांवीं. देवस्थान सुमारें ३,७०० मीटर उंचीवर आहे. काळीगंडकीच्या खोऱ्यांत दुपारीं जो वारा सुटतो, त्यापुढें डोक्यावरची टोपी हातानें धरूनच चालावें लागतें. फोनची एक खोड मला ठाऊक नव्हती. मनोरा दूर राहिला कीं त्याच्या शोधांत तो आपली शक्ति भराभर वेंचतो. त्यांत बॅटरी थंडीनें आधींच गारठलेली. सहा वाजतां तो मिटला. उतरलों होतों तेथली वीजही गेलेली. मालक भला माणूस; आपणहून स्वतःचा फोन पुढें करून म्हणाला, “बाजे, नंबर सांगा.” तिकडे आजोबांना बाजे म्हणतात.

मी गप्प! लहानपणीं घोकलेला अमरकोश अजून मुखोद्गत आहे, पण सख्ख्या भावाच्या फोनचे दहा आंकडे आठवेनात. हिलाही ते येत नव्हते. सारे त्या मिटलेल्या यंत्राच्या पोटांत.

घरीं काय झालें तें वहिनींनीं मागाहून सांगितलें. दादांनीं ताट परत केलें. रात्रीं दीडपर्यंत फोन मांडीवर घेऊन ते झोपाळ्यावर बसून होते. डोंगरांत असें व्हायचेंच, अशी मुलांनीं समजूत घातली, तेव्हां म्हणाले, “मग त्यानें कबूल करायला नको होतें.”

सकाळीं वीज आल्यावर मीं फोन लावला. काय बोलावें हें मनांत जुळवून ठेवलें होतें. दादांनीं एवढेंच विचारलें, “तिचा गुडघा कसा आहे?”

परततांना जीप म्याग्दी जिल्ह्यांतून उतरली. याच जिल्ह्यांतल्या नांगी गांवच्या महाबीर पुन यांनीं बिनतारी इंटरनेट नेऊन डोंगरांतलीं खेडीं जोडलीं. २००७ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तेही शिक्षक, आणि मीही!

आतां घरचे चार नंबर मीं वहीच्या पहिल्या पानावर शाईनें लिहिले आहेत, व दादांचा पाठ केला आहे. मुक्कामाचा आणि जीपवाल्याचा नंबर घरीं देऊन ठेवावा, वरच्या मुक्कामावरून फोन येणार नाहीं असें आधींच सांगून टाकावें, ही अक्कल मला उशिरां आली. प्रवासास निघणाऱ्या वाचकांना ती फुकट.

आम्हीं घरीं आलों तेव्हां दादांच्या टेबलावरचें घड्याळ पंधरा मिनिटें पुढें होतें. बिघडलें म्हणून वहिनी तें दुरुस्तीस देणार होत्या. दादांनींच त्यांना थांबविलें होतें.