थंडीतली राहुरी : वाट रानाची, भीती उसाची

शनिवार, बारागाव नांदूर
पहाटे पारा दहाच्या खाली. मॉन्ट्रियलहून भाच्याने फोटो पाठवलाय: पायांना रुंद चौकटी बांधून साहेब बर्फातल्या जंगलात फिरताहेत. वजन पसरतं, पाय रुतत नाही म्हणे. आमच्या सामानात कानटोपी, बॅटरी आणि काठी. मुळा धरणाकडे पहाटेच निघणार होतो, पण घरमालकांनी अडवलं, "उजाडू द्या. दोन्ही अंगांनी ऊस आहे."

धरण 26 टीएमसीचं, पण धुक्यात पलीकडचा काठ काही दिसला नाही. ऊस मात्र पोटभर पाहिला.

रविवार, वांबोरी घाट
वांबोरीहून पायी वर. बोरी, बाभळी, हिवर, सीताफळीची झुडपं, मध्ये वाळलेलं गवत. कुसळं मोज्यांतून थेट कातडीपर्यंत पोचतात. भाच्याचे बर्फातले गेटर, म्हणजे पोटरीवर चढवायची आवरणं, इथे कामाला आले असते! दर थोड्या वेळाने दगडावर बसून कुसळं उपटायची, हाच विसावा. ऊन अंगावर आलं तेव्हा कुठे बोटं वळायला लागली.

वाटेत मेंढ्या घेऊन एक म्हातारबाबा भेटले. त्यांना विचारलं, "बाबा, इथं वाघ?"

"हितं काय खाईल त्यो? खाली उसात हाय."

इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. बाबांचा हिशेब चोख होता. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, पाटाचं पाणी, कुत्री, डुकरं. मादी तिथेच पिल्लं घालते आणि तोड सुरू झाली की ती कोयत्यापुढे सापडतात. तोडणारी टोळीही तिथेच, फडाजवळच्या कोप्यांत, लेकराबाळांसह झोपलेली. जंगल म्हणून नकाशात रंगवलेल्या घाटात मी बेफिकीर हिंडलो. डोंगरगणला उतरलो. इंग्रजांनी या दरीला ‘हॅपी व्हॅली’ म्हटलं, ते पटलं.

सोमवार, राहुरी
1968 साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाहिलं. ‘फुले 265’ हा ऊस याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा. संध्याकाळी परतताना गव्हाला दारं धरायला निघालेला एक शेतकरी भेटला: गळ्यात मफलर, खांद्यावर फावडं, मोबाईलवर मोठ्याने गाणी. गाणी वाघासाठी, असं त्यानेच सांगितलं.

"दिवसा का नाही भरत पाणी?"

"या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. गव्हाला थंडी मानवते हो, आम्हाला कुठं? दिवसा लाईट द्या म्हणावं, मग वाघाचं आमचं आम्ही बघू."