घर उघडे, पडदा शाबूत

मालवण किनाऱ्यावर आता घर बांधायचे म्हणजे स्लॅब टाकायचा आणि चार बंद खोल्या काढायच्या, असेच झाले आहे. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या चिरेबंदी घराची कौले उडाली, आढे मोडले, तेव्हा आम्हालाही तोच सल्ला मिळाला. तीन भावांना तीन दारे केली की पुढचे भांडण मिटले! पण त्या तीन दारांपैकी अम्मींचे दार कोणते, हे कोणी सांगेना. एक भाऊ कुवेतला, एक मुंबईत. वर्षाचे दहा महिने दोन दारांना कुलूपच असणार होते.

आमचा भाचा आर्किटेक्चर शिकतो. त्याने जपानी घरांचे नकाशे दाखवले आणि आम्हाला ते ओळखीचे वाटले. दारातच चपला काढण्याची सखल जागा असते, तिला ते ‘गेनकान’ म्हणतात. खोली आणि अंगण यांच्यामध्ये लाकडी ‘एनगावा’ असतो, म्हणजे आपली पडवीच. जेवण-झोप जमिनीलगत, जसा आपला दस्तरखान. आणि खोल्यांमध्ये भिंतीऐवजी सरकती ‘फुसुमा’ दारे. दिवसा ती सरकवली की एक मोठे दालन, रात्री ओढली की तीन खोल्या.

तिकडेही मधल्या काळात खोल्या बंद होत गेल्या, आणि आता काही वास्तुकार पुन्हा उघड्या घराकडे वळले आहेत. ताकाहारू आणि युई तेझुका या दांपत्याने 2001 साली हादानो येथे एका चौकोनी कुटुंबासाठी घर बांधले. त्या कुटुंबाला छपरावर बसून जेवायला आवडे, म्हणून उतरत्या छपराला आठ झरोके ठेवले आणि तिथे शिडीने चढण्याची सोय केली. आमच्या पावसात छपरावर बसणे शक्य नाही. पण घरची माणसे कुठे एकत्र बसतात ते आधी पाहावे आणि मग नकाशा काढावा, हे आम्ही त्यातून घेतले. आमची माणसे पडवीत बसतात.

भाभींची शंका रास्त होती. सगळे उघडे तर पडद्याचे काय? तेव्हा सूरह नूरमधील 58 व्या आयतीची आठवण निघाली. फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर, या तीन वेळी घरातल्या मुलांनीही परवानगी घेऊन आत यावे, असा तिथे आदेश आहे. म्हणजे घरच्या माणसांमधला एकांत वेळेशी बांधलेला आहे. त्यासाठी दिवसभर भिंत उभी असण्याची गरज नाही. त्या वेळी ओढता येणारे दार पुरते. पाहुण्यांची गोष्ट वेगळी. त्यांची बैठक पडवीच्या टोकाला घेतली, शेजारी वुजूची जागा ठेवली, आणि स्वयंपाकघराचे दार मागच्या विहिरीकडे काढले.

जपानी कागदी दारे इथल्या दमट हवेत टिकणार नाहीत. सुताराने जुन्या घरातले फणसाचे लाकूड वापरले. लोखंडी पट्टी खाऱ्या हवेत गंजते म्हणून खाचही लाकडीच केली, आणि पावसात लाकूड फुगते म्हणून थोडी फट सोडली. पश्चिमेची झड अडवायला पावसाळ्यापुरते माडाचे झाप बांधतो.

मात्र एक काम पाया खणण्यापूर्वी केले, आणि उघडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ते करावे. घरात भिंत नको असेल तर हिशेब स्वच्छ हवा. अब्बांच्या मिळकतीतील अम्मींचा अष्टमांश, बहिणींचे आणि भावांचे हिस्से आम्ही आधी कागदावर लिहिले, सह्या केल्या. बहिणींचा हक्क मानला, तेव्हाच त्या मोकळ्या मनाने नकाशा बघायला बसल्या.

अम्मींची खोली आता घराच्या मध्यभागी आहे. दोन्ही बाजूंची दारे सरकवली की त्यांना पडवीही दिसते आणि चूलही. दारे कधी ओढायची, हे त्याच ठरवतात.