गोटी कुठल्या गावची?

आमच्या लहानपणी, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या एडवण गावात, घरातल्या बहुतेक वस्तूंचा कर्ता आम्हाला तोंडावळ्यासकट ठाऊक असायचा. जाळं कुठल्या ओटीवर विणलं जातंय, हे शाळेत जाता-येता दिसायचं. किनाऱ्यालगत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे. केळीचा घड वाडीतून उतरायचा, ताडी ताडावरून. विड्याचं पान केळवे-माहीमच्या पानवेलींचं, मीठ खाडीकाठच्या मिठागरातलं. होडी कोणत्या सुताराच्या हातची, मडकं कोणत्या कुंभाराचं, हे विचारावंही लागत नसे. गाव सगळं उघड्यावर घडवत असे आणि आम्ही पोरं आजूबाजूला उभी राहून ते बघत असू.

या सगळ्यात एकच वस्तू अशी होती की जिचा कर्ता कोणी पाहिला नव्हता: काचेची गोटी. दुकानात बरणी असायची. तिच्यात हिरव्या, निळ्या, पिवळ्या रेघांच्या गोट्या. दुकानदार मूठ घालून काढायचा आणि मोजून हातावर ठेवायचा. "काका, या कुठून येतात?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "मुंबईहून." गावात न होणारी प्रत्येक वस्तू मुंबईहूनच यायची. सफाळ्याला किंवा केळवे रोडला गाडीतून उतरायची आणि एसटीने गावात पोचायची. त्यापलीकडे कोणी गेलं नाही.

एडवणची जमीन समुद्राकाठची, रेताड. वाळूत गोटी रुतते, धावत नाही. म्हणून खेळाला अंगण लागायचं, चोपून घट्ट केलेलं आणि सारवलेलं. पाऊस सरला, अंगणं नव्याने झाली, की गोट्यांचे दिवस सुरू व्हायचे. टाच रोवून गर्रकन फिरलं की गल तयार. चार पावलांवर रेघ. डाव्या हाताचं बोट मागे ताणून नेम धरायचा, आणि गोटीवर गोटी बसल्याचा तो टणक, कोरडा आवाज आला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. मोठ्या गोटीला ढब्बू म्हणत. हरणाऱ्याला कोपराने गोटी ढकलत न्यावी लागे, आणि संध्याकाळी कोपरं सोललेली दिसली की घरी कळायचंच. मुलींचे सागरगोटे वेगळे. किनाऱ्यावरच्या काटेरी वेलीच्या शेंगांत सापडणाऱ्या त्या राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या कडक बिया. त्यांचा कर्ता मात्र सगळ्यांना माहीत होता. वेल कुंपणातच उभी असायची.

डाव संपल्यावर गोटी डोळ्याशी धरून उन्हाकडे बघायचं. आत पिळलेली रंगीत पाकळी, तिच्याशेजारी एखादा बुडबुडा. ती पाकळी आत गेली कशी, यावर आमच्यात भांडणं व्हायची. कोणी म्हणायचं, गोटी अर्धी-अर्धी करून चिकटवतात. सांधा शोधायला आम्ही नख फिरवायचो. सांधा मिळायचा नाही. एखादीवर मात्र बारीक चंद्रकोरीसारखी खूण हाताला लागायची. ती कशाची, ते कोणालाच सांगता यायचं नाही.

पुढे नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर जास्तच, मी हा शोध मनावर घेतला. चंद्रकोरीचं उत्तर मिळालं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. ती कात्रीची खूण होती.

गोटी काचेच्या फार आधीची. मोहेंजोदडोच्या उत्खननात दगडी गोट्या मिळाल्या आहेत. युरोपात दगडाच्या आणि भाजलेल्या मातीच्या गोट्या चालायच्या. काचेच्या गोटीचं घर म्हणून जे नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं, ते जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरातलं लाउशा. १५९७ पासून काचेची भट्टी असलेलं हे गाव. ख्रिसमसच्या झाडावरचे काचेचे गोळे आणि माणसांसाठी काचेचे डोळे करण्यातही त्याचं नाव झालं. १८४६ च्या सुमाराला तिथे गोट्यांसाठी खास कात्री आली. कारागीर वेगवेगळ्या रंगांच्या काचकांड्या एकत्र तापवून पिळायचा. त्या लालभडक पिळाचं टोक कात्रीच्या टोकाला असलेल्या छोट्या वाटीत फिरवून गोल करायचा आणि कापायचा. त्यामुळे हाताने केलेल्या गोटीच्या दोन्ही टोकांना कापल्याचा खरबरीत ठिपका राहतो. जुन्या गोट्या जमवणारे आजही आधी तोच शोधतात.

मग अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये मार्टिन ख्रिस्तेन्सेन या माणसाने पुढची उडी घेतली. तो आधी बेअरिंगमधले पोलादी गोळे करणाऱ्या यंत्रांच्या मागे होता. १९०५ मध्ये त्याला काचेचा गोळा गोल करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. आजचं यंत्र त्याच विचाराचं. भट्टीत बाराशे अंश सेल्सिअसच्या वर वितळलेली काच धारेने खाली उतरते. कात्री तिचे तुकडे पाडते. तुकडे दोन फिरत्या रुळांवर पडतात. रुळांवर मळसूत्री खाचा असतात, त्यांतून पुढे सरकता सरकता तुकडा गोल होतो आणि घट्ट होतो. शेवटी त्याला हळूहळू गार करावं लागतं, नाहीतर बाहेरची काच आधी आकसते आणि आतून तडा जातो. आम्ही तव्यावर गोटी तापवून गार पाण्यात टाकायचो आणि आत उमटणारं तड्यांचं जाळं बघून हरखायचो, त्यामागचं शास्त्र हेच.

पाकळीचं कोडंही सुटलं. भट्टीतून येणाऱ्या बिनरंगी धारेच्या आत रंगीत काच दाबाने सोडतात. दोन्ही एकत्र कापल्या जातात आणि रंग आतल्या आत बसतो. सांधा नसतोच. मांजराच्या डोळ्यासारखी दिसणारी ही पाकळीची गोटी गेल्या शतकात, १९५० च्या आसपास, जपानने जगभर पोचवली. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा बहुधा लोखंडाचा किंवा क्रोमियमचा. काच बरीचशी फुटक्या बाटल्यांची, पुन्हा वितळवलेली.

भट्टी नेहमी इंधनाच्या मागे जाते, हेही या शोधात कळलं. अ‍ॅक्रनचीच अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनी १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली ती स्वस्त नैसर्गिक वायू आणि चांगल्या वाळूसाठी. आपल्याकडे बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिरोजाबादच्या पट्ट्यात गोट्याही होतात. तिथल्या भट्ट्या वर्षानुवर्षं कोळशावर चालल्या. ताजमहाल काळवंडतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि त्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडून वायूकडे वळावं लागलं. माझ्या हातातली गोटी अशाच एखाद्या धुराड्याखालून निघून मुंबईच्या घाऊक बाजारात आली असेल.

सोड्याच्या बाटलीतल्या गोटीची गोष्ट वेगळी. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज माणसाने त्या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटलीची मान चिमटण्याआधी गोटी आत टाकायची. सोडा भरताना बाटली उलटी धरायची. मग वायूचा दाबच गोटीला रबराच्या कडीवर घट्ट धरून ठेवतो. बूच लागत नाही. फुटकी बाटली मिळाली की तिच्यातली हिरवट गोटी आमच्यासाठी खजिना असायची. तिच्यात पाकळी नव्हती, पण ती सगळ्यांत गोल असायची. आज सोडा प्लॅस्टिकच्या बाटलीत येतो.

मराठी माणसाने काचेसाठी केलेले कष्ट या शोधात समोर आले आणि त्यांचा अभिमान वाटला. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार पैसा-पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथलं तंत्र बसवलं. तिथे काच करायची आणि काच करणारेही घडवायचे, असा दुहेरी हेतू होता. तिथे शिकलेली मुलं पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेली. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. त्याच्या काचेवरची काजळी राखेने पुसायचं काम आमच्या पिढीतल्या कित्येकांनी केलंय. वीज येण्याआधीच्या संध्याकाळी आमच्या अभ्यासाच्या वहीवर पडलेला उजेड एका मराठी भट्टीतून आला होता, आणि आम्हाला कोणी ते सांगितलं नव्हतं.

आता गाव बदललं. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, बोईसरला एमआयडीसी वाढली आणि किनाऱ्यावरची मुलं कारखान्यांच्या पाळ्या धरू लागली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. अंगणात पेव्हर ब्लॉक आले. त्यांच्यावर गल करता येत नाही आणि गोटी सांध्यावर आपटून भलतीकडे उडते. दुकानात गोट्या मिळतात अजून, जाळीच्या पिशवीत. माशांच्या टाकीत घालायला किंवा कुंडीतल्या मातीवर पसरायला लोक त्या नेतात. रंगाच्या काही फवारा-डब्यांत, हलवल्यावर खळखळ वाजतो तो गोळा काचेचाच असतो.

आणि एक ठिकाण असं, की जे कळल्यावर मी थक्क झालो. सागवानी होडीच्या जागी आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसतात. फायबर म्हणजे काचेचा धागा आणि राळ. हा धागा काढण्याची जुनी पद्धत अशी: आधी काचेच्या गोट्या करायच्या, दोष असलेल्या वेचून काढायच्या, उरलेल्या पुन्हा वितळवायच्या आणि प्लॅटिनमच्या पात्रातल्या बारीक भोकांतून तारेसारख्या ओढायच्या. आता मोठ्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी थेट वितळलेल्या काचेतूनच धागा काढतात. पण सुताराच्या हातच्या होडीची जागा ज्या धाग्याने घेतली, तो घडवायला आधी गोटी लागली होती.

मला वाटतं, खरा बदल इथे आहे. तेव्हा गोटी सोडून सगळ्याचा कर्ता आम्ही ओळखत होतो. आज एडवणच्या मुलाला गोटीचा यंत्रावरचा प्रवास मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतो, पण ताटातलं मीठ, अंगातला शर्ट, समोरची होडी कोणी, कुठे, कशी केली, ते त्याला दिसत नाही. त्याचे वडील बोईसरच्या कारखान्यात पाळी करतात. तिथे काय तयार होतं, ते मात्र त्याने कधी पाहिलेलं नसतं. वस्तू पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झाल्या आणि त्या घडवणारे हात भिंतीआड गेले.

हे बदलता येण्यासारखं आहे. पैसा फंडाच्या मंडळींनी कारखान्यातच शाळा भरवली होती. आपण शाळेला वर्षातून एकदा कारखान्यात नेऊ शकतो. पालघर-सफाळ्याच्या शाळांची सहल वॉटर पार्कला जरूर जावी, पण एखादं वर्ष ती काचेच्या भट्टीवर, मिठागरात किंवा होडीच्या कारखान्यातही जावी. पाळीवरच्या बापाने आठवड्यातून एकदा मुलाला सांगावं, आज मी काय केलं. काचेची लाल धार कात्रीखाली येताना ज्या मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिली आहे, ते पुढे कुठल्याही वस्तूवरची नुसती किंमत वाचून थांबणार नाही. ही कुणी केली, असं विचारेल. आणि विचारणारी मुलं असली, की कर्त्यालाही आपल्या कामाचा मान वाटतो.